माळ वाढली, कावीळ उतरली नाही

पावसाळा लागला की माझ्या दवाखान्यात पिवळ्या डोळ्यांची माणसं यायला लागतात. त्यातल्या पुष्कळांच्या गळ्यात काड्यांची माळ असते. काहींनी आधीच कुठेतरी जाऊन हात धुऊन कावीळ 'उतरवून' घेतलेली असते. "डॉक्टर, परात भरून पिवळं पाणी निघालं, आता फक्त ताकदीची सलाईन लावा," असं सांगतात. पंचवीस वर्षं मी हे ऐकतोय आणि दर वेळी तितकाच अस्वस्थ होतो, कारण यातले काही जण उशीर करून आलेले असतात.

दोन वर्षांपूर्वी पन्नाशीतले एक शेतकरी बायकोला घेऊन आले. डोळे हळदीसारखे पिवळे. सदऱ्याची वरची बटणं सोडून त्यांनी मला माळ दाखवली. बांधली तेव्हा डोक्यातून जेमतेम उतरली होती, आता बेंबीपर्यंत लोंबत होती. "माळ तर रोज वाढतीय डॉक्टर, म्हणजे कावीळ उतरतीय ना? मग डोळे का असे?" बायकोने विचारलं. मी त्यांचे हात हातात घेतले. दंडापर्यंत ओरखडे होते आणि नखं घासून पॉलिश केल्यासारखी चकचकीत झाली होती. रात्रंदिवस अंग खाजवणाऱ्या माणसाची नखं अशी होतात. शौचाचा रंग विचारला तर म्हणाले, "पांढुरकी होते, मातीसारखी." पोटात कधी दुखलं नव्हतं. दुखत नाही म्हणूनच ते अडीच महिने थांबले होते आणि तेवढ्यात तीन माळा बदलून झाल्या होत्या.

माळेचं काय होतं ते आधी सांगतो. ओल्या काडीचे बारीक तुकडे दोऱ्याच्या फासात घट्ट बसवलेले असतात. काडी वाळते, आकसते, फास सैल पडतो आणि दोरा लांबतो. ती माळ खुंटीला अडकवून ठेवली तरी वाढते. परातीतल्या पिवळ्या पाण्याचंही तसंच. आंब्याच्या सालीचा रस हाताला चोळून हात चुन्याच्या निवळीत धुतले की पाणी पिवळं होतं. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगाव हा प्रयोग करून दाखवतात. मी तो माझ्या आणि आमच्या सिस्टरांच्या हातांवर केला आहे. आम्हा दोघांनाही कावीळ नव्हती.

मग कावीळ जाते कुठून? रक्तातली तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. म्हातारी झाली की प्लीहेत वगैरे ती मोडली जाते. तिच्यातलं लोह शरीर जपून ठेवतं आणि एक पिवळं द्रव्य उरतं, ते बिलिरुबिन. उजव्या बरगड्यांखाली दीडेक किलोचं यकृत बसलेलं आहे. ते हे द्रव्य पाण्यात विरघळण्याजोगं करून पित्तात सोडतं. पित्त नळीवाटे आतड्यात उतरतं, तिथले जिवाणू त्याचं रूप बदलतात, आणि शौचाला तो ओळखीचा तपकिरी रंग येतो. बिलिरुबिनची वाट ही अशी आहे. तळहातातून ते बाहेर पडत नाही.

ही वाट कुठेतरी अडली की डोळे पिवळे होतात. म्हणजे ताप जसा रोग नव्हे, रोगाची खूण आहे, तशीच कावीळ. पेशीच जास्त मोडत असतील, जसं सिकलसेलमध्ये होतं, तर एक उपाय. यकृताला सूज असेल तर दुसरा. नळी खड्याने किंवा गाठीने तुंबली असेल तर तिसराच. सगळ्यांना एकच माळ कशी चालेल?

तरी माळेवरचा विश्वास टिकतो, आणि त्याचं कारणही मला ठाऊक आहे. आपल्याकडे कावीळ बहुतेकदा दूषित पाण्यातून येणाऱ्या हिपॅटायटिस 'ए' आणि 'ई' या विषाणूंनी होते. १९५५-५६ मध्ये दिल्लीच्या पाणीपुरवठ्यात यमुनेतून सांडपाणी शिरलं आणि हजारोंना कावीळ झाली. २०१२ मध्ये इचलकरंजीने तेच भोगलं. हे दोन्ही आजार बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. यकृत स्वतःला दुरुस्त करणारा अवयव आहे. दात्याने अर्ध्याहून अधिक यकृत दिलं तरी उरलेलं काही महिन्यांत जवळपास पूर्ववत वाढतं. त्या दुरुस्तीच्या आठवड्यांत गळ्यात माळ असेल तर श्रेय माळेला जातं. म्हणून साधी कावीळ झालेल्या तरुण मुलाच्या आईला मी आधी धीर देतो: बाई, घाबरू नका, तो बरा होणार आहे. पण आठवड्यातून एकदा रक्त तपासा आणि त्याला घरचं ताजं जेवण द्या.

जेवणावरून आमच्याकडे रोज वाद होतो. हळद बंद, तेल बंद, नुसते फुटाणे आणि उसाचा रस. अहो, हळदीच्या रंगाचा डोळ्यांच्या रंगाशी काही संबंध नाही. यकृत दुरुस्तीला लागलेलं असताना माणसाला उपाशी ठेवता? भात, वरण, पोळी, भाजी, दही, जे सोसेल ते खाऊ द्या. मळमळ असेल तर तेलकट कमी करा, इतकंच. रस्त्यावरच्या गाड्यावरचा, बर्फ घातलेला उसाचा रस तर मुळीच नको. मुळात कावीळ अशाच पाण्या-बर्फातून आलेली असू शकते.

मोबाईलवर आलेले 'लिव्हर साफ करणारे' काढे मनाने घेऊ नका. झाडपाला म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत महागात पडते. कोविडच्या काळात गुळवेलीचे काढे घेतलेल्या रुग्णांमध्ये यकृताला सूज आल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी केली आहे. औषधाच्या दुकानातून मागून आणलेल्या वेदनाशामकांनाही हेच लागू. दारू तर पूर्ण बंद.

आता नीट वाचा. कावीळ झालेला माणूस दिवसा पेंगायला लागला, रात्री जागा राहिला, असंबद्ध बोलू लागला, तर यकृत हात टेकत आहे असं समजा. रक्त गोठवणारे घटकही यकृतच बनवतं. त्यामुळे हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणं, काळी शौच होणं ही धोक्याची घंटा आहे. उलट्या थांबत नाहीत, पोट फुगतंय, थंडी वाजून ताप आणि उजव्या बरगडीखाली कळ येतेय, यातलं काहीही असेल तर सकाळची वाट पाहू नका. पांढरट शौच आणि अंगाची खाज म्हणजे नळी तुंबल्याचा संशय. दुखत नसलं तरी त्याच आठवड्यात सोनोग्राफी व्हायला हवी. बाळ जन्मल्यानंतर पहिल्या २४ तासांत पिवळं दिसलं, तर कोवळ्या उन्हात ठेवून भागणार नाही. त्याला लगेच डॉक्टरला दाखवा.

त्या शेतकरीदादांच्या स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ निघाली. तिने पित्तनळी दाबून धरली होती. पहिल्या आठवड्यात आले असते तर नक्की वाचले असते, असं मी म्हणणार नाही. पण शस्त्रक्रियेचा विचार तरी करता आला असता. आम्ही नळीत स्टेंट घालून घेतला, खाज थांबली आणि ते शांत झोपू लागले. चार महिन्यांनी ते गेले.

एक गोष्ट तेवढी आजच करा. घरात, शेजारी, नात्यात कुणी गरोदर बाई असेल आणि तिचे डोळे पिवळे दिसत असतील, तर तिला माळ बांधायला नेऊ नका. शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटिस 'ई' झालेल्या शंभर जणींपैकी वीस-पंचवीस दगावल्याच्या नोंदी आहेत. तिला मोठ्या रुग्णालयात न्या, आणि ते आजच.