डोळ्याला पातं लागलं तर

मैत्रिणींनो, ज्वारीच्या काढणीत पातं डोळ्याला लागतं, नाहीतर गव्हाचं कुसळ जातं. आपण पदराने डोळा पुसतो आणि पुन्हा कामाला लागतो. बहुतेक वेळा डोळा आपोआप बराही होतो. कारण औषध आपल्या अश्रूंतच असतं. फ्लेमिंग या शास्त्रज्ञाने १९२२ साली अश्रूंतला जंतू विरघळवणारा पदार्थ जगापुढे मांडला, लायसोझाइम. त्याच्या जोडीला पेप्टाइडही असतात.

पेप्टाइड म्हणजे काय? प्रथिन ही लांब माळ धरली, तर पेप्टाइड म्हणजे थोड्या मण्यांचा आखूड तुकडा. त्यातले काही जंतूच्या आवरणालाच भोक पाडतात. गोणीला भोक पडल्यावर धान्य सांडतं ना, तसा जंतू आतून रिकामा होऊन मरतो. मातीतल्या एका जिवाणूपासून मिळालेलं पॉलिमिक्सिन-बी हे असंच पेप्टाइड. डोळ्यांच्या काही थेंबांत आणि मलमांत ते आजही दुसऱ्या औषधासोबत असतं. जुन्या औषधांना जंतू दाद देईनासे झालेत, म्हणून नवीन पेप्टाइड शोधणं चालू आहे. पण अश्रू ते धुऊन नेतात, त्यांचे तुकडेही होतात. त्यामुळे बरीचशी अजून प्रयोगशाळेतच आहेत.

मग मेडिकलमधून तीच ट्यूब आणून लावली तर? इथेच घात होतो. शेतातल्या जखमेत पुष्कळदा बुरशी शिरते. तिच्यावर जंतूंचं मलम चालत नाही. शिवाय काही ट्यूबमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं असतं. त्याने लाली उतरते, बरं वाटतं, आणि आत बुबुळावरची जखम पसरत जाते. शेवटी फूल पडतं. मध, तूप, अंगावरचं दूध हेही नको. (माझी आजी मधच घालायची!)

वेळ किती महत्त्वाचा, ते नेपाळमधल्या भक्तपूरला दिसलं. तिथे गावातल्या कार्यकर्त्यांनी बुबुळ खरचटलेल्यांना क्लोरॅम्फेनिकॉलचं साधं मलम तीन दिवस लावलं. १८ तासांच्या आत सुरू केलेल्या २८४ जणांत एकाचीही जखम चिघळली नाही. एक दिवस उलटून गेलेल्या ४९ जणांत मात्र १४ जणांची चिघळली.

तेव्हा डोळा ठणकतोय, उजेड सहन होत नाही, चिपडं येतायत किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसतोय, तर काम टाकून त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. ते जखमेवरचा कण खरवडून तपासतात, जंतू की बुरशी ते बघतात. आधी कुठलं औषध घातलं असेल तर लाजू नका, ती ट्यूब सोबत न्या.