तळपायाची जखम आणि कॅमेऱ्यातलं रक्त

प्रश्न : वडिलांना मधुमेह आहे. तळपायाची जखम दोन महिने भरत नाही. डॉक्टरांनी मल्टिस्पेक्ट्रल इमेजिंग सुचवलंय. नुसत्या फोटोवरून रक्तपुरवठा कळतो का?

उत्तर : कळतो, पण आडवळणाने. हा कॅमेरा वेगवेगळ्या तरंगलांबींच्या प्रकाशात त्वचा टिपतो. ६६० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाला ऑक्सिजन नसलेलं हिमोग्लोबिन जास्त शोषतं. ९४० च्या अवरक्त प्रकाशात नेमकं उलट. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचं तत्त्वही हेच. इथे मात्र एका आकड्याऐवजी जखमेच्या कडेकडेचा रंगीत नकाशा मिळतो, तोही सुई न टोचता.

म्हणजे मोजला जातो ऑक्सिजन, रक्ताचा वेग नव्हे; आणि तोही वरच्या काही मिलिमीटरपुरताच. सावळ्या त्वचेतलं मेलॅनिनही प्रकाश शोषतं, तेव्हा आपल्याकडे हे नकाशे जपूनच वाचावेत. पाय गार पडलेला असला तरी चित्र बदलतं.

पोटरीतली धमनी तुंबली आहे का, हे यात दिसणार नाही. त्यासाठी डॉपलर तपासणी करून घ्याच. मधुमेहात धमन्या कडक झाल्याने त्या वेळी मोजलेला घोट्याचा रक्तदाब फसवा, जास्त येऊ शकतो. म्हणून पायाच्या अंगठ्याचा रक्तदाबही मोजायला सांगा. जखम काळी पडली किंवा ताप आला, तर रिपोर्टची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.