ट्रकच्या डाव्या अंगाला

पुण्याच्या मार्केट यार्डात भुसार बाजारातल्या एका गाळ्यावर मी दिवाणजी आहे. पावत्या, हमाली-तोलाईचा हिशेब आणि ट्रकवाल्यांशी हुज्जत यात दिवस जातो. आमच्याकडचे तोलणार मामा काही वर्षांपूर्वी सकाळी गंगाधाम चौकाकडून स्कूटरवर येत होते. वळणावर एक मालट्रक डावीकडे वळत होता आणि मामा नेमके त्याच्या डाव्या अंगाला. ट्रकचं तोंड पुढे निघून गेलं, मागची चाकं आत आली. पायाचा गुडघ्याखाली चुरा झाला. डोक्यावर हेल्मेट होतं म्हणून जीव राहिला. हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे काढणाऱ्या आपल्या शहरात हे मुद्दाम सांगितलेलं बरं.

पुढे चार दिवस बाजारात एकच वाद: चूक कुणाची? निम्मे ट्रकवाल्याच्या नावाने बोटं मोडत होते, निम्मे मामांच्या. लातूरकडून तूर घेऊन येणारा एक जुना ड्रायव्हर ऐकत होता. म्हणाला, "दिवाणजी, भांडण राहू द्या. जरा वर चढा."

केबिनमध्ये त्याने मला स्टीअरिंगमागे बसवलं. गाडी बंद, उभी. "तुमची हातगाडी कुठंय सांगा." दोन हमाल पोत्यांनी भरलेली हातगाडी घेऊन डाव्या दारालगत उभे होते, हे मी खाली असताना पाहिलं होतं. वरून काही दिसेना. आरशात ट्रकचं अंग आणि मागचा रस्ता, खिडकीतून समोरचे गाळे. माणसं आणि पोती दाराच्या खाली गडप झाली होती. बॉनेटसमोर त्याने एका पोऱ्याला उभं केलं, तर त्याच्या केसांचा शेंडाही दिसेना. पूर्वी डाव्या बाजूला क्लीनर बसायचा आणि ओरडून सांगायचा. आता पुष्कळ गाड्यांवर तोही नसतो.

तेव्हापासून दुचाकीवर येणाऱ्या प्रत्येकाला मी एवढंच सांगतो. सिग्नलला डंपर किंवा ट्रक उभा असेल तर त्याच्या डाव्या फटीतून पुढे घुसू नका. मागे थांबा, आणि असं थांबा की आरशात ड्रायव्हरचं तोंड दिसेल. त्याचं तोंड तुम्हाला दिसत नसेल तर तुम्हीही त्याला दिसत नाही. वळताना मागची चाकं पुढच्यांपेक्षा आतून जातात, म्हणून पुढचं चाक निघून गेलं की मोकळी वाटणारी जागा मोकळी नसते. उभ्या ट्रकच्या नाकासमोरून रस्ता ओलांडू नका, चार पावलं लांबून जा. हातगाडी घेऊन जाणाऱ्याने ड्रायव्हरने हात केल्याशिवाय पुढे सरकू नये.

पण सगळा भार माणसाच्या सावधपणावर टाकला की वळण जसंच्या तसं राहतं. जून 2025मध्ये गंगाधाम चौकातच डंपरखाली सापडून दुचाकीवरच्या एका तरुणीचा जीव गेला. स्वीडनने 1997मध्ये ठरवलं की माणूस चुकणारच, त्या चुकीची शिक्षा मरण असू नये असा रस्ता बांधायचा. लांबचं वाटत असेल तर आपला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग बघा. तिथे 2016 साली 151 जणांचा जीव गेला होता. मग एकेका अपघाताच्या जागी जाऊन गाडी कशावर आदळली ते पाहिलं गेलं, कठड्यांची उघडी टोकं आणि कडेचे खांब झाकले गेले, आणि 2020पर्यंत मृत्यूंचा आकडा निम्म्याखाली आला. ड्रायव्हर काही रातोरात साधुसंत झाले नव्हते.

शहरात महापालिकेने 2016मध्ये पादचारी धोरण मंजूर केलं. जंगली महाराज रस्त्याला रुंद पदपथ मिळाले, 11 डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन होतो. छान आहे. पण पाठीवर ओझं घेऊन चालणारा माणूस यार्डाच्या आसपास आहे, आणि त्याच्या वाट्याला टेम्पोंच्या रांगेकडेचा डांबराचा पट्टा. सातारा रस्त्यावर 2006मध्ये बीआरटी, म्हणजे बसची वेगळी मार्गिका आली, थांबे रस्त्याच्या मधोमध गेले आणि पहाटेच्या बसने येणारे हमाल गाड्यांच्या मधून पळू लागले. बसची सोय बघणाऱ्यांनी उतरलेला माणूस पुढे कसा जाईल ते आधी बघायला हवं होतं, असं माझं मत आहे.

अपघात झालाच तर 108 आणि 112, दोन्ही फिरवा. उचलून नेणाऱ्याला पोलीस अडकवतील ही भीती सोडा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 अ नुसार मदत करणाऱ्यावर जबाबदारी येत नाही, नाव सांगायची सक्तीही नाही. मामांच्या वेळी रुग्णालयाने आधी अनामत मागितली, आम्ही गाळ्या-गाळ्यातून पैसे गोळा केले. आता मे 2025पासून केंद्राची योजना आहे: नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता. दारातच "रस्ता अपघात आहे, पोलिसांना कळवलंय" असं ठणकावून सांगा. ठोकून पळालेली गाडी सापडली नाही तरी मृत्यूला दोन लाख आणि गंभीर जखमेला पन्नास हजार भरपाई मिळते. गाडी सापडली असेल तर अपघात दावा न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या आत अर्ज करा. घरचे दवाखान्यात अडकलेले असतात, म्हणून हे काम गाळ्यावरच्या कुणीतरी अंगावर घ्यावं.

आणि जागेची तक्रार करा, माणसाची नुसती नको. आधी रस्ता कुणाचा ते विचारा: यार्डाच्या आत बाजार समिती, बाहेर महापालिका, सिग्नल आणि अवजड वाहनांच्या वेळा वाहतूक पोलिसांकडे. "अपघात होतात, लक्ष घाला" असं मोघम लिहिलेला कागद फायलीत पडून राहतो. कोणत्या वळणावर, किती वाजता, कोणती गाडी कुठून कुठे वळते, पदपथ कुठे तुटतो, दिवा कुठला बंद आहे, हे फोटोसह लिहा आणि पोच घ्या. कागदावर शेठची सही घ्याच, पण तिच्याखाली हमालांचीही घ्या. पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांनी सुचवलेल्या कामांसाठी तरतूद असते आणि त्यासाठी अर्ज मागवले जातात. कोपऱ्याची गोलाई आवळणं, पदपथ जोडणं, थांबारेषा झेब्रा पट्ट्यांच्या अलीकडे मागे घेणं, ही सारी त्या अर्जात मावणारी कामं आहेत. यार्डातून असे अर्ज फारसे जात नाहीत. या खेपेला आमच्या गाळ्यावरून गंगाधामकडच्या वळणाचा जाणार आहे. मामा त्यात ट्रकची मागची चाकं कुठपर्यंत आत येतात त्याचं माप टाकणार आहेत.