संपापासून क्रांतीपर्यंत : गिरणगावाच्या इतिहासावरून एक पाठ

वरळी कोळीवाड्याच्या टोकाशी इंग्रजांच्या वेळचा एक लहानसा किल्ला आहे. त्याच्या तटावरून समुद्राकडे पाहिले म्हणजे कोळ्यांच्या होड्या आणि २००९ साली वाहतुकीस खुला झालेला सागरी सेतू दिसतो. जमिनीकडे तोंड फिरविले म्हणजे गगनास भिडणाऱ्या इमारतींची दाटी दिसते. ह्याच बाजूस, वरळीपासून परळ व लालबागेपर्यंत, एके काळी कापडगिरण्यांच्या चिमण्या उभ्या होत्या, आणि गिरणीच्या भोंग्यावर लक्षावधी माणसांचा दिवस उगवत व मावळत असे. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर ह्या जिल्ह्यांतून आलेली ही माणसे होती. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचे आजे-पणजे त्यांत असतील.

ह्या गिरणगावात एकदा नव्हे, अनेकदा लोकांस वाटले की आता येथे रशियासारखी क्रांती होणार. ती झाली नाही. रशियात मात्र झाली. असे का व्हावे, हा आजच्या पाठाचा विषय आहे. तो केवळ शाळामास्तरांसाठी आहे असे कोणी समजू नये. आमच्या मंडळ्यांतील कित्येक बंधुभगिनी शेतमजुरी करितात व उसाच्या तोडीवर जातात. त्यांच्यापुढे उद्या कोणी झेंडा घेऊन उभा राहिला तर तो काय सांगतो, खरे किती सांगतो आणि कोठवर नेऊ पाहतो, हे त्यांस ओळखता आले पाहिजे.

१. गाऱ्हाणे

क्रांतीचे पहिले कारण दारिद्र्य होय असे सामान्यतः म्हणतात. हे अर्धेच खरे आहे. दारिद्र्य तर शतकानुशतके होते. लोक त्यास दैव म्हणत आणि मुकाट्याने सोशीत. मनुष्य उठतो तो उपाशी असतो एवढ्यामुळे नव्हे, तर आपणांवर अन्याय होत आहे व तो टाळता येण्यासारखा आहे असे त्यास कळून येते तेव्हा.

मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी कावसजी नानाभाई दावर ह्यांनी १८५४ साली काढली. आरंभीच्या काळात सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले आणि आठवड्याची ठरलेली सुट्टी नसे. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी कामगारांच्या सभा भरविल्या, अर्ज केले, आणि १८९० च्या जून महिन्यात गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. आम्ही रविवारी निश्चिंतपणे उपासनेस जमतो. परंतु मुंबईच्या कामगारास हा विसावा मागून, भांडून मिळवावा लागला, हे स्मरणात ठेवावे. येथे ऐकण्यासारखी गोष्ट ही की गाऱ्हाणे मांडले गेले, ते ऐकले गेले, आणि त्या वेळी तंटा तेथेच मिटला.

सर्वदा असे झाले नाही. पहिल्या महायुद्धात मालकांस मोठा नफा झाला. पुढे मंदी आली आणि जपानी कापडाची स्पर्धा वाढली, तेव्हा तोटा मात्र मजुराच्या पगारातून भरून काढण्याची युक्ती निघाली. १९२५ साली पगारात साडेअकरा टक्के कपात करण्याचे ठरले. कामगारांनी संप केला. सरकारने कापडावरील जकात तहकूब केली, तेव्हा ती कपात रद्द झाली. राहण्याची स्थिती तर विचारू नये. वरळी, नायगाव, शिवडी व परळ ह्या भागांत सरकारी विकास खात्याने त्या सुमारास चाळी बांधिल्या, त्यांत एका कुटुंबास एकशेसाठ चौरस फुटांची एक खोली असे; आणि खाजगी चाळींतून ह्याहून अडचणीत माणसे राहत.

२. विचार

गाऱ्हाण्यास जेव्हा एखादा विचार येऊन मिळतो तेव्हा दुसरी पायरी येते. कार्ल मार्क्स व फ्रेडरिक एंगल्स ह्यांनी १८४८ साली आपला जाहीरनामा प्रसिद्ध केला. त्यातील मुख्य प्रतिपादन असे : समाजाचा इतिहास हा वर्गांच्या झगड्यांचा इतिहास आहे, ज्याच्या हाती कारखाना व जमीन, तो श्रम करणाऱ्याच्या श्रमावर जगतो, म्हणून श्रम करणाऱ्यांनी एक होऊन ही साधने समाजाच्या मालकीची करावी.

एक उदाहरण घेऊ. समजा, एक मजूर दिवसभरात मालकास दोन रुपयांची भर घालून देतो आणि त्याच्या हातावर एक रुपया पडतो. उरलेला रुपया कोणाचा, हा मार्क्साचा प्रश्न होता. ह्याचे उत्तर कोणी कसेही देवो. हा प्रश्न ऐकल्यावर मजूर पूर्वीचा मजूर राहत नाही. ज्यास तो नशीब म्हणत होता त्यास तो व्यवस्था म्हणू लागतो. ह्या मताचे सामर्थ्य येथे आहे.

मुंबईत हे विचार रशियन क्रांतीनंतर पसरले. श्रीपाद अमृत डांगे ह्या तरुणाने १९२१ साली गांधी व लेनिन ह्यांची तुलना करणारे पुस्तक लिहिले व पुढच्या वर्षी एक इंग्रजी साप्ताहिक चालविले. १९२७ साली ‘क्रांती’ हे मराठी पत्र निघाले. ज्यांस वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी पुढे अण्णा भाऊ साठे, अमर शेख व द. ना. गव्हाणकर ह्यांच्या लाल बावटा कलापथकाने पोवाडे व तमाशा ह्यांच्या द्वारे हाच विचार चाळीचाळींतून पोहोचविला. आमचे उपदेशक कीर्तनाचा उपयोग करितात, त्यांस ह्यातील मर्म सांगावयास नको.

३. संघटना

तिसरी पायरी संघटनेची. १९२८ साली मालकांनी विणकरांस दोनऐवजी तीन माग चालवावयास लावण्याची पद्धत पुढे आणिली. थोड्या माणसांकडून अधिक काम घेतले म्हणजे बाकीच्यांनी कोठे जावे, हा प्रश्न उभा राहिला. एप्रिलच्या अखेरीस जवळजवळ सर्व गिरण्या बंद पडल्या, आणि सुमारे दीड लक्ष कामगार ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत कामावर गेले नाहीत. कित्येक आपापल्या गावी परतले. जे राहिले त्यांस धान्य वाटण्यात आले. नारायण मल्हार जोशी ह्यांच्यासारखे सौम्य पुढारी आणि डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर ह्यांच्यासारखे साम्यवादी पुढारी एकाच संपसमितीत बसले, आणि सतरा मागण्या मांडण्यात आल्या. चौकशी समिती नेमण्याचे ठरले तेव्हा संप मिटला.

ह्याच संपात गिरणी कामगार युनियन, म्हणजे लाल बावट्याचे युनियन, जन्मास आले. अर्जुन आत्माराम आळवे हा स्वतः गिरणीत काम करणारा मनुष्य त्याचा अध्यक्ष होता. वर्ष संपेपर्यंत सभासद पन्नास हजारांहून अधिक झाले. भरती करणारा, कामावरून काढणारा व लाच खाणारा जो जॉबर, त्याच्यापुढे मान खाली घालणारा मनुष्य आता गिरणीसमितीत बसून प्रश्न विचारू लागला. म्हणून लोक त्या बावट्यामागे गेले. मार्क्साचे ग्रंथ वाचून गेलेले फार थोडे.

४. फूट

मग क्रांती का झाली नाही? एक कारण आमच्या अंगणातले आहे. गिरणीतील विणकामाच्या खात्यात पगार अधिक असे. परंतु तेथे अस्पृश्य मानलेल्या कामगारांस घेत नसत. धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे, आणि त्यांच्या तोंडचा धोटा इतरांस चालत नसे! भांडवलाविरुद्ध एक होऊ म्हणणारे हात धोट्यापाशी येऊन थबकले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली हा अन्याय संपाच्या पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला; तेव्हा ती मागणी नाखुशीने का होईना मान्य झाली. पुढील वर्षीच्या संपास त्यांनी विरोध केला.

त्याच सुमारास, १९२९ च्या फेब्रुवारीत, पठाण मुले पळवितात अशी अफवा उठली आणि तिचे पर्यवसान हिंदू-मुसलमानांच्या दंग्यात होऊन शंभरावर माणसे प्राणास मुकली. एका गिरणीत शेजारी उभे राहणारे लोक रस्त्यावर एकमेकांचे वैरी झाले. २० मार्च रोजी सरकारने देशभरातून पुढारी पकडून मीरत येथे खटला भरला. तो जवळजवळ चार वर्षे चालला. शिक्षा पुढे अपिलात पुष्कळ कमी झाल्या. इकडे पुढारी नसलेला १९२९ चा संप फसला व युनियन खिळखिळे झाले. कपाळी जातीचा व धर्माचा शिक्का घेऊन आलेल्या माणसास वर्गाची शिकवण पुरी पडली नाही, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. तथापि ही फूट कायमची नव्हती. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी संपाच्या हक्कावर बंधने घालणाऱ्या बिलाविरुद्ध डॉ. आंबेडकर व साम्यवादी ह्यांनी एकत्र येऊन मुंबईत एक दिवसाचा संप केला.

५. सत्तेचा पाया

आता रशियाकडे पाहू. १९०५ च्या जानेवारीत गापोन नावाच्या एका ख्रिस्ती पुरोहिताच्या मागे कामगारांचे थवे बायकामुलांसह, हाती पवित्र चित्रे घेऊन, बादशहास अर्ज देण्यास निघाले. शिपायांनी त्यांवर गोळ्या झाडल्या. शेकडो माणसे मेली व घायाळ झाली. ज्याला ते बाप म्हणत होते त्याने दार लावून घेतले. पुढे महायुद्धात लक्षावधी शिपाई मेले, शहरांत भाकरी मिळेना, आणि १९१७ च्या मार्चमध्ये पेट्रोग्राडच्या कापडगिरण्यांतील स्त्रिया रस्त्यावर आल्या. ह्या वेळी शिपाई त्यांस सामील झाले. बादशहा गेला. नव्या सरकारने युद्ध चालूच ठेविले, तेव्हा शांतता, भाकरी व जमीन देऊ म्हणणाऱ्या लेनिनच्या पक्षाने नोव्हेंबरात सत्ता घेतली.

ह्यावरून चौथी गोष्ट दिसते : राज्याचा पाया ढासळल्यावाचून क्रांती होत नाही. मुंबईत तसा क्षण १९४६ च्या फेब्रुवारीत जवळ आला होता. आरमारातील खलाशांनी बंड केले, त्यांच्या पाठिंब्यासाठी गिरण्या बंद पडल्या, आणि गोळीबारात दोनशेंहून अधिक नागरिक मेले. परंतु काँग्रेस व मुस्लिम लीग ह्यांच्या पुढाऱ्यांनी खलाशांस शस्त्र खाली ठेवण्याचा सल्ला दिला. इंग्रज जावयास निघालेच होते. पुढे प्रत्येक प्रौढ माणसास मत मिळाले. मीरतचा कैदी डांगे १९५७ साली मुंबईतून लोकसभेवर निवडून गेला. जेथे मतपेटीचे दार उघडे असते, तेथे भिंत पाडावयास फारसे कोणी निघत नाही.

६. खेड्यातील उदाहरण

हे सर्व शहराचे झाले असे कोणी म्हणेल. तर त्या काळच्या ठाणे जिल्ह्यातील डहाणू, तलासरी, उंबरगाव ह्या भागांतील वारल्यांचे उदाहरण घ्यावे. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको जन्मभर सावकाराचे गडी होत, त्यांस लग्नगडी म्हणत. शिवाय वेठबिगार होतीच. १९४५ च्या मे महिन्यात झरी गावी सभा भरली, आणि शामराव व गोदावरी परुळेकर ह्यांच्या किसान सभेच्या आधाराने वारल्यांनी वेठ नाकारिली. १० ऑक्टोबर रोजी तलवाडा येथे गोळीबार होऊन पाच माणसे मेली. तरीही वेठ व लग्नगडी पद्धत मोडली. आम्ही स्वतःस विचारावे : ह्या लोकांपाशी लाल बावटा पोहोचण्यापूर्वी, देवाच्या व धर्माच्या नावाने बोलणारे आम्ही सर्व लोक कोठे होतो?

७. क्रांतीनंतर

इतके सांगून दुसरी बाजू न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. रशियात साक्षरता वाढली व कारखाने उभे राहिले; परंतु सर्व सत्ता एका पक्षाच्या हाती गेली. १९३२-३३ च्या दुष्काळात, सरकारने धान्य सक्तीने नेल्यामुळे, लक्षावधी शेतकरी मेले. मतभेद करणारे छावण्यांत गेले, पुष्कळ देवळे बंद झाली. १९९१ साली ते राज्यच मोडले. ज्या कामगाराच्या नावाने ते उभारिले त्यास संप करण्याची मोकळीक तेथे नव्हती. डॉ. आंबेडकरांनी १९५६ साली काठमांडू येथे बुद्ध व मार्क्स ह्यांची तुलना करिताना हेच दाखविले की हेतू सारखा असला तरी बळजबरीचा मार्ग वेगळ्याच ठिकाणी नेतो.

८. आजची वरळी

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत ह्यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लक्ष कामगार उतरले. सामंत साम्यवादी नव्हते. तो संप विजय न मिळता विरून गेला, गिरण्या एकामागून एक बंद झाल्या आणि त्या जमिनींवर आजच्या इमारती उठल्या.

शेवटी पुन्हा कोळीवाड्याकडे येऊ. सागरी किनारा रस्त्याच्या पुलाचे खांब साठ मीटर अंतरावर ठरले होते. कोळी बांधव म्हणाले, वाऱ्यात व भरतीत होडी खांबावर आदळेल, अंतर वाढवा. प्रथम कोणी ऐकले नाही. त्यांनी होड्या घेऊन समुद्रातले काम अडविले, चर्चा केली, पुन्हा अडविले. अखेरीस डिसेंबर २०२२ मध्ये एक खांब कमी करून अंतर एकशेवीस मीटर करण्याचे सरकारने मान्य केले. त्यांनी मागितले ते सर्व मिळाले असे नाही. परंतु ज्यांचे पोट त्या पाण्यावर आहे त्यांचे म्हणणे आराखड्यात उतरले, आणि रक्त सांडले नाही.

तात्पर्य असे : गाऱ्हाणे, विचार, संघटना आणि सत्तेचा ढासळलेला पाया ही चार एकत्र आली म्हणजे क्रांती होते. पहिल्या पायरीवरच जो कान देतो तो पुढल्या तीन टाळू शकतो. जो केवळ बावट्यास शिव्या देतो व मजुरी बुडविणाऱ्यास पुढल्या बाकावर बसवितो, तो क्रांतीची वाट स्वतःच झाडून ठेवितो.

वर्गात विचारण्याचे प्रश्न

१. केवळ दारिद्र्याने क्रांती का होत नाही?
२. १८९० ची सुट्टी आणि १९०५ चा रशियन अर्ज ह्यांत भेद कोणता?
३. धोट्याच्या प्रकरणावरून कामगारांच्या एकीविषयी काय शिकावे? आमच्या मंडळीत असा धोटा कोठे आहे काय?
४. आपल्या गावात कोणते गाऱ्हाणे आज कोणी ऐकत नाही? ते ऐकण्यास ह्या आठवड्यात कोण जाईल?