तार सुटली, अर्ज अडला

गेल्या आषाढातली गोष्ट. शेजारच्या तरुणाने लातूरहून जुना लॅपटॉप आणला. लॅपटॉप म्हणजे वहीसारखा मिटणारा संगणक. त्यावरून सोयाबीनच्या पीकविम्याचा अर्ज भरायचा होता. मुदतीला दोन दिवस उरले होते, आणि यंत्राला इंटरनेट मिळेना.

"गुरुजी, वाय-फायच्या डब्याजवळ बसलं की चालतंय. ओसरीवर आलं की बंद पडायलंय!"

एवढे ऐकून मला दुखण्याची जागा कळली. त्या डब्यातून डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरी निघतात. रेडिओच्या लहरी याच जातीच्या. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यात अशा लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखविली होती. लहरी धरायला एरियल लागते. आमच्या लहानपणी रेडिओची तांब्याची जाळी आढ्याला बांधलेली असे. ती सुटली की नुसती खरखर! वाय-फायची नेहमीची लहर सुमारे १२ सेंटिमीटर लांब, म्हणजे वितीहून कमी. म्हणून तिला एरियलही लहान पुरते. लॅपटॉपात ती बहुधा पडद्याच्या कडेला लपवलेली असते. तेथून दोन बारीक तारा बिजागरीतून खाली कार्डाकडे येतात. झाकण रोज उघडते, मिटते. मग तार चेपते, नाही तर कार्डावरून निसटते.

आम्ही यंत्र बंद केले. चार्जर काढला. तळाचे स्क्रू काढून वाटीत ठेवले. ते इतके बारीक की खाली पडले तर सापडायचे नाहीत. मग आतल्या बॅटरीची जोडणी सोडविली. हे केल्यावाचून आत बोट घालू नये, बरं का.

काडीपेटीहून लहान कार्ड दिसले. दोन्ही तारा मोकळ्या! एकीच्या टोकाची टोपी शाबूत होती. दुसरीची टोपी तुटून कार्डावरच राहिली होती.

तरुण म्हणाला, "मोटारीच्या वायरीसारखं पिळून पट्टी मारू का?"

मी त्याचा हात धरला. या तारेत मधोमध एक बारीक तार असते. तिच्याभोवती प्लॅस्टिक, त्यावर तारांची जाळी आणि वरून काळे वेष्टन. मधली तार जाळीला टेकली की खूण पुढे जातच नाही. पिळल्याने नेमके तेच होते.

शाबूत टोपी कार्डावरच्या गोल खुंटीवर सरळ धरली आणि टिचबटणासारखी वरून दाबली. 'टिच' झाले. तिरपी दाबली असती तर खुंटीच मोडती. तुटक्या तारेच्या टोकाला चिकटपट्टी लावून ते बाजूला ठेवले, म्हणजे आत कोठे टेकायला नको.

एका तारेवर वेग थोडा कमी मिळाला, पण ओसरीवर इंटरनेट आले. सात-बारा, बँकेचे पासबुक आणि आधार जवळ घेऊन त्याने त्याच रात्री अर्ज भरला व पावती काढली.

दुसरी तार पुढे लातूरच्या कारागिराकडून नवी बसवून घेतली. तुटकी टोपी काडीपेटीत ठेवली आहे. मसुरीच्या दाण्याहून लहान आहे. वर्गात या, दाखवतो.