आमसूल, बोंडू आणि वाइन : चाखायला शिकण्याची कृती

वाइनवरची पुस्तकं चवीचं वर्णन ब्लॅककरंट, गूजबेरी, सीडरचं लाकूड अशा शब्दांत करतात. रत्नागिरीत वाढलेल्या माणसाच्या तोंडाला यातलं काहीच लागलेलं नसतं, आणि मग ‘आपल्याला काही वाइनमधलं कळायचं नाही’ असं तो ठरवून टाकतो. मला हे मुळीच पटत नाही. वाइन ओळखायला चार गोष्टी कळाव्या लागतात : आंबटपणा, तुरटपणा, गोडी आणि अल्कोहोलची ऊब. पहिल्या तिन्हींचं शिक्षण कोकणातल्या जिभेला लहानपणापासून मिळतं. आमसूल आणि कैरी, काजूचा बोंडू आणि जांभूळ, फणस आणि हापूस यांवर वाढलेल्या माणसाला नवीन असं फार थोडं शिकायचं असतं. ते शिकण्याची ही कृती.

कायद्याने ठरवलेल्या वयाच्या आतल्या कुणासाठीही ही नाही. जे दारू घेत नाहीत त्यांनी केवळ चवीच्या कुतूहलापायी सुरुवात करू नये. त्यांच्यासाठी पहिली पायरी तेवढी पुरे आहे, आणि खरं शिक्षण तिथेच आहे.

साहित्य

सहा माणसांसाठी चार बाटल्या घ्या : सॉव्हिन्याँ ब्लाँ, शेनिन ब्लाँ, शिराझ आणि कॅबर्ने सॉव्हिन्याँ, प्रत्येकी एक. एकेकाला एका वाइनचे 30 मिलिलिटर पुरतात, म्हणजे चाखून झाल्यावरही प्रत्येक बाटलीत जेवणापुरती वाइन उरते. पातळ काचेचे, वर निमुळते होत गेलेले पेले हवेत. पांढरा कागद, पाणी, बर्फ, चूळ टाकायला एक भांडं. शिवाय बिनमिठाची आमसुलं, साखर, चहाची पूड, मीठ. हंगाम असेल तर काजूचे दोन-तीन पिकलेले बोंडू.

पहिली पायरी : जीभ लावून घ्या

दोन पेल्यांत प्रत्येकी 200 मिलिलिटर पाणी घ्या. एकात चार आमसुलं तासभर भिजत घाला आणि मग काढून टाका. आता दोन्हींत दोन-दोन सपाट चमचे साखर विरघळवा. आधी साधं साखरपाणी प्या, मग कोकमाचं. साखर तेवढीच आहे, तरी कोकमाचं पाणी कितीतरी कमी गोड लागतं. वाइनमधली सर्वांत मोठी फसवणूक इथे उलगडते : आंबटपणा गोडीला झाकतो. द्राक्षात मुख्यतः टार्टारिक आम्ल असतं, कोकमात हायड्रॉक्सिसायट्रिक. जिभेवरचा परिणाम मात्र एकाच जातीचा. घोट गिळून मान थोडी खाली घाला आणि तोंडाला किती पाणी सुटतं ते बघा. जितकं जास्त, तितका आंबटपणा जास्त. गोड आंबटाला कितीही झाको, लाळ खोटं सांगत नाही.

आता गोडी. अर्धा लिटर पाण्यात सपाट अर्धा चमचा साखर घाला. ही झाली लिटरला साधारण 4 ग्रॅम. एवढीच किंवा याहून कमी साखर उरलेल्या वाइनला ड्राय म्हणतात. हे पाणी बहुतेकांना गोड लागतच नाही. दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये दहा चमचे घाला. लेट हार्वेस्ट म्हणून विकल्या जाणाऱ्या गोड वाइनचा पल्ला साधारण तिथे आहे.

तुरटपणासाठी बोंडू चावून त्याचा रस तोंडात घोळवा. जीभ जड होते, हिरड्या ओढल्या जातात, ओठांची आतली बाजू कोरडी पडते. ही चव कमी आणि स्पर्श जास्त. बोंडूतली टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतात आणि लाळेचा निसरडेपणा जातो. लाल वाइनमध्ये हेच घडतं. तिथली टॅनिन द्राक्षाच्या सालीतून आणि बीतून येतात. बोंडूचा हंगाम फेब्रुवारी ते मे. एरवी पाच मिनिटं उकळलेला कोरा, बिनसाखरेचा चहा चालेल. आता त्याच बोंडूला मीठ लावून खा. तुरटपणा लगेच मवाळ होतो. आपल्याकडे पोरंसुद्धा बोंडूला मीठ लावून खातात, त्यामागे ही समज आहे. शेवटच्या पायरीला, जेवणाच्या ताटाशी, ती कामाला येईल.

दुसरी पायरी : बाटली निवडा

महाराष्ट्रात वाइनची द्राक्षं मुख्यतः घाटमाथ्याच्या पलीकडे होतात. नारायणगावला शॅतो इंडाजने 1980च्या दशकात वाट पाडली. नाशिकला राजीव सामंत यांच्या सुलाची पहिली वाइन 2000 साली आली. सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ फ्रातेल्लीने सांजोवेझे हे इटलीचं द्राक्ष रुजवलं. रत्नागिरीत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि बारमाही दमट हवा. इथे वेलीवर केवड्यासारखे बुरशीचे रोग हटायचे नाहीत. नाशिकला समुद्रसपाटीपासूनची सहाशे मीटर उंची आणि थंडीतल्या गार रात्री द्राक्षातलं आम्ल टिकवून धरतात. युरोपातली वेल बर्फाच्या दिवसांत झोपते, आपल्याकडची झोपत नाही, म्हणून तिची वर्षातून दोनदा छाटणी करतात : एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतर फळ छाटणी. वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्च होते. बाटलीवरचं साल बघताना हे ध्यानात ठेवा. पांढरी वाइन दोन वर्षांच्या आतलीच घ्या.

रत्नागिरीत दुकानदार कुठलं साल विकतो यापेक्षा बाटली कुठे ठेवतो हे जास्त महत्त्वाचं. उन्हाच्या काचेत उभी असलेली बाटली घेऊ नका, मग नाव कितीही मोठं असो. तीस अंशांच्या वरची हवा वाइनला काही आठवड्यांत म्हातारी करते. बूच बाहेर सरकलेलं असेल किंवा गळ्याशी चिकट ओघळ असेल तर ती बाटली तापलेली आहे. आपल्या बऱ्याच वाइनना आता फिरकीचं झाकण असतं. ते हलकं समजू नका. कोकणच्या हवेला तेच बरं.

गोव्याहून येताना अनेकजण ‘पोर्ट’ लिहिलेली स्वस्त, गोड लाल बाटली आणतात आणि लाल वाइन म्हणजे ती अशी समजूत होते. पोर्तुगालच्या खऱ्या पोर्टमध्ये आंबवण चालू असताना द्राक्षाचं स्पिरिट घालून ते थांबवतात. त्यामुळे साखर उरते आणि अल्कोहोल वीस टक्क्यांच्या आसपास जातं. फेणीशीही गल्लत नको. फेणी म्हणजे बोंडूचा रस आंबवून मग भट्टीत ऊर्ध्वपातन केलेली दारू. वाइन नुसती आंबवलेली असते, आणि तिच्यात साधारण 11 ते 14 टक्के अल्कोहोल असतं.

तिसरी पायरी : गार करा

या पायरीला सर्वांत जास्त चुका होतात. लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी असं पुस्तकात असतं. ती खोली युरोपातली, 16 ते 18 अंशांची. एप्रिलमध्ये आपल्या माजघरात 32 अंश असतात. त्या तापमानाला कुठल्याही लाल वाइनचा नुसता स्पिरिटसारखा वास येतो आणि फळाचा वास बुडतो. लाल बाटली फ्रीजमध्ये दीड ते दोन तास ठेवा. पांढरीला 8 ते 10 अंश हवेत. तिला फ्रीजमध्ये चार तास लागतात. घाई असेल तर बादलीत निम्मं बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर मीठ घालून गळ्यापर्यंत बुडवा, अर्ध्या तासात काम होतं. नुसत्या बर्फात ठेवू नका, बाटलीला पाण्याचा स्पर्श हवा. वाइन ओतताना थोडी थोडी ओता, पेल्यात ती झपाट्याने तापते.

पावसाळ्यात बंद कपाटातल्या पेल्यांना कुबट वास लागतो. आदल्या दिवशी ते गरम पाण्याने धुऊन, उघड्यावर उलटे सुकवा. चाखण्याच्या तासात घरात उदबत्ती, अत्तर, मोगऱ्याचा गजरा, मासे तळणं, काही नको. वेळ जेवणाआधीची, पोट थोडं रिकामं असतानाची.

चौथी पायरी : बघा, हुंगा, घ्या

क्रम असा ठेवा : सॉव्हिन्याँ ब्लाँ, शेनिन ब्लाँ, शिराझ, कॅबर्ने. गोड बाटली आणली असेल तर ती सर्वांत शेवटी.

पेला पांढऱ्या कागदावर तिरपा धरा. पांढरी वाइन लिंबाच्या फिकट रंगाची असेल तर ताजी. तपकिरीकडे झुकली असेल तर हवा किंवा उष्णता लागलेली. लाल वाइनची कड बघा. जांभळी कड म्हणजे तरुण, विटकरी म्हणजे वयस्कर. बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर रंगहीन असतो, रंग सगळा सालीचा. रस सालीसकट दिवसच्या दिवस आंबवला की लाल, काही तासच ठेवला की गुलाबी म्हणजे रोझे, आणि साल आधीच काढली की पांढरी. रोझेबद्दल एवढं कळलं तरी खूप झालं.

हुंगणं दोनदा : आधी पेला न हलवता, मग गोल फिरवून. सॉव्हिन्याँ ब्लाँमध्ये हिरवी मिरची, कापलेलं गवत, कच्चट पेरू शोधा. ढोबळ्या मिरचीला तिचा वास देणारी पायराझिन जातीची द्रव्यं या द्राक्षात, आणि कॅबर्नेमध्येही, खरोखर असतात. शेनिन ब्लाँमध्ये पिकलेला पेरू, मध, सफरचंद. शिराझमध्ये जांभूळ आणि मिरी. मिरीचा वास ज्या रोटंडोन नावाच्या द्रव्यामुळे येतो तेच शिराझमध्ये सापडलं आहे, म्हणून परसात पोफळीवर मिरीचा वेल असणाऱ्याला शिराझ ओळखायला दुसऱ्या कुणाचे शब्द उसने घ्यावे लागत नाहीत. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच बिघडलेलं आहे, आणि शिरक्याचा वास आला तर वाइन आंबली आहे. दोन्ही बाटल्या बाजूला ठेवा.

आता एक घोट घ्या, पाच-सहा सेकंद तोंडात घोळवा, ओठ किंचित उघडून हवा आत ओढा, आणि हवं तर थुंकून टाका. थुंकण्यात कमीपणा नाही, चाखणारे व्यावसायिक तेच करतात. मग क्रमाने स्वतःला विचारा. लाळ किती सुटली? हिरड्या ओढल्या का, बोंडूइतक्या की कमी? साखर पहिल्या पाण्याइतकी की जास्त? घशात ऊब किती? चव किती वेळ टिकली? प्रत्येक वाइनसाठी एकेक ओळ लिहा, शेजाऱ्याचं न बघता. मग बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळून, क्रम बदलून पुन्हा चाखा आणि ओळखा. या वेळी शेनिनला पुष्कळजण सॉव्हिन्याँपेक्षा ‘कमी आंबट’ म्हणतील. भारतात ती बरेचदा थोडी गोडी ठेवून करतात. लाळेची परीक्षा पुन्हा घ्या, आंबटपणा तसाच निघेल. कोकमाच्या पेल्याचा धडा इथे वसूल होतो.

पाचवी पायरी : ताटाशी बसवा

रवा लावून तळलेली सुरमई, आमसूल घातलेली बांगड्याची आमटी आणि कोंबडीवडे एवढं ताट पुरे. सुरमईबरोबर सॉव्हिन्याँ घ्या. तळणाचं तेल आंबटाने कापलं जातं. आमटीबरोबर नियम एकच : वाइन पदार्थाइतकी तरी आंबट हवी, नाहीतर ती पाणचट लागते. तिखट जास्त असेल तर अल्कोहोल आणि टॅनिन दोन्ही ते भडकवतात, म्हणून तिथे किंचित गोड शेनिन. बांगड्याबरोबर कॅबर्ने एकदा मुद्दाम घेऊन बघा. तोंडात उग्र, धातूसारखी मासळी चव येते. वाइनमधलं लोह आणि माशाचं तेल यांची ती भेट आहे. कॅबर्ने कोंबडीच्या सागोतीबरोबर घ्या. रस्सा मिठाला नेटका असेल तर बोंडूसारखीच हिचीही तुरटी मवाळ झालेली कळेल. शिराझ तिथे कॅबर्नेहून सरस ठरते, रश्शातल्या मिरीशी तिचं जुळतं.

हापूससोबत ड्राय वाइन घेऊ नका. आंब्याच्या गोडीपुढे ती निव्वळ आंबट लागते आणि आंब्याचंही नुकसान होतं. हापूस एकटाच खावा, हे माझं ठाम मत. रत्नागिरीच्या जेवणासाठी एकच बाटली आणायची असेल तर शेनिन ब्लाँ आणा.

उरलेल्या बाटल्या घट्ट झाकून फ्रीजमध्ये ठेवा, लालसुद्धा. तीन दिवसांत संपवा. आणि ज्याने एकही घोट गिळला आहे त्याने त्या रात्री गाडी चालवू नये.