झोपेतून जागा होणारा संगणक आणि पडद्यावरील दोष : एक तर्कशास्त्रीय विचार

‘झोप’ हा शब्द वास्तविक सजीवांचा. परंतु संगणक वापरणाऱ्यांच्या तोंडी तो आता इतका रुळला आहे की, ‘मशीन झोपलंय, जरा माऊस हलव’ असे आपण सहज बोलून जातो. काही वेळ काम न झाल्यास संगणक स्वतःहून निद्रिस्त होतो आणि कळ दाबताच जागा होतो. मात्र हे जागे होणे दर वेळी सुरळीत पार पडतेच असे नाही. कधी आतल्या पंख्याचा आवाज येत असूनही पडदा काळाच राहतो. कधी अक्षरांवर रंगीत ठिपक्यांचे जाळे पसरते, कधी चित्र लुकलुकते, कधी सारे काही गुलाबी किंवा हिरवट दिसते, तर कधी अक्षरे एकाएकी अवाढव्य होऊन बसतात. अशा वेळी पाहणारा निष्कर्ष काढून मोकळा होतो : ‘मॉनिटर गेला!’

हा निष्कर्ष पुष्कळदा घाईचा असतो, हे दाखवणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. घाईची किंमत दोन प्रकारे मोजावी लागते. एक तर धडधाकट मॉनिटर बदलण्यात पैसा जातो. दुसरे म्हणजे, घाबरून पॉवरचे बटण दाबून धरल्यामुळे न साठवलेले लिखाण नाहीसे होते. आपल्यापैकी अनेकांच्या घरी संगणक प्रथमच आला आहे. तोही बहुधा जुना, कोणीतरी वापरलेला. घरात विचारावे असे कोणी नाही. मग दुरुस्ती करणारा जे सांगेल ते प्रमाण. म्हणून या विषयाची थोडी तरी ओळख कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही असणे इष्ट होय.

झोपेत काय चालू असते?

संगणकाच्या झोपेचे नियम ठरलेले आहेत. १९९६ साली इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या कंपन्यांनी मिळून ‘एसीपीआय’ नावाची नियमावली प्रसिद्ध केली. तीत जागेपणापासून पूर्ण बंद होण्यापर्यंतच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. त्यांपैकी ‘एस-३’ ही पायरी म्हणजे आपली नेहमीची झोप. या अवस्थेत रॅम या मुख्य स्मृतीला तेवढा थोडा वीजपुरवठा चालू राहतो, कारण आपले अर्धवट काम तेथेच ठेवलेले असते. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड वगैरे बाकीच्या भागांची वीज तोडली जाते. ‘एस-४’ या पायरीत तर स्मृतीतील मजकूर डिस्कवर उतरवून ठेवून सारेच बंद केले जाते. तिला हायबरनेशन म्हणतात. अलीकडच्या अनेक लॅपटॉपांत ‘मॉडर्न स्टँडबाय’ नावाचा तिसराच प्रकार आढळतो. त्यात संगणक गाढ झोपत नाही, नुसती डुलकी घेतो.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाला स्वतःची वेगळी स्मृती असते आणि पडद्यावर दिसणारी चित्रे तीत तयार होतात. ‘एस-३’ झोपेत ही स्मृती पुसली जाते. म्हणून झोपण्यापूर्वी तिच्यातील आवश्यक भाग मुख्य स्मृतीत हलवणे आणि जाग येताच तो परत जागेवर मांडणे, हे काम ड्रायव्हर नावाच्या आज्ञावलीला करावे लागते. या मांडामांडीत चूक झाली की फाटलेली अक्षरे आणि रंगीत चौकटी दिसू लागतात.

मॉनिटरची झोप याहून वेगळी. संगणकाकडून संकेत येणे थांबले की तो आपला मागचा प्रकाश मालवतो आणि फक्त एक लहान दिवा लावून ठेवतो. यासंबंधीचे नियम ‘व्हेसा’ या संस्थेने १९९३ साली घालून दिले. तात्पर्य, झोपणारे दोघे आहेत आणि दोघांनाही एकाच वेळी जाग येईल अशी खात्री नाही.

हजेरी आणि गैरहजेरी

जागे झाल्यावर ग्राफिक्स कार्ड प्रथम मॉनिटरची ओळख विचारते. मॉनिटर आपल्या जवळची माहिती पाठवतो. ‘ईडीआयडी’ नावाची ही माहिती किमान १२८ बाइट्सची असते. आपण कोणत्या कंपनीचे, आपल्यावर आडवे-उभे किती ठिपके मावतात, हे सारे तीत लिहिलेले असते. एचडीएमआय केबलच्या टोकाला १९ पिना असतात. त्यांतील एक केवळ ‘मी जोडलेला आहे’ हे कळवण्यासाठी राखून ठेवली आहे. डिस्प्लेपोर्ट या जोडणीत आणखी एक पायरी आहे : तारांतून किती वेगाने माहिती बिनचूक जाते याची आधी चाचणी होते. त्यानंतर खरे चित्र सुरू होते. १९२० बाय १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर एका चित्रात २०,७३,६०० ठिपके असतात. सेकंदाला ६० चित्रे धरली तर दर सेकंदाला १२ कोटी ४४ लाखांहून अधिक ठिपके केबलमधून पाठवावे लागतात.

आता समजा, मॉनिटर जागा व्हायला थोडा उशीर झाला. वर्गात हजेरी चालू असताना एखादा विद्यार्थी अजून जिन्यातच असावा, तसे होते. विद्यार्थी महाविद्यालयात आलेला आहे, पण पटावर गैरहजेरी लागते. ग्राफिक्स कार्डही अशीच गैरहजेरी लावते आणि पडदा काळा राहतो. ओळखीची माहिती अर्धवट वाचली गेली, तर कार्ड सावधपणे कमी ठिपक्यांचे चित्र पाठवते. म्हणून अक्षरे अवाढव्य दिसतात. रंग कोणत्या पद्धतीने पाठवायचे याबाबत दोघांचा मेळ बसला नाही, तर चित्र गुलाबी-हिरवे होते. यांतील कोणत्याही प्रकारात मॉनिटर बिघडलेला असेलच असे नाही.

अन्वय आणि व्यतिरेक

मग दोष नेमका कोठे आहे हे कसे ठरवावे? येथे आपल्या तर्कशास्त्राचा अभ्यास उपयोगी पडतो. जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कारण शोधण्याच्या पाच पद्धती सांगितल्या. त्यांतील अन्वय आणि व्यतिरेक या दोन आपण जाणतोच. आपल्याकडील न्यायशास्त्रातही हेच शब्द आहेत. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त धूर आणि अग्नी यांचे उदाहरण येते : धूर आहे तेथे अग्नी आहे, जसे स्वयंपाकघरात, अग्नी नाही तेथे धूरही नाही, जसे तळ्यात.

व्यतिरेकाची अट एकच असते. दोन प्रसंगांत बाकी सर्व सारखे ठेवून एकच गोष्ट बदलायची आणि परिणाम बदलतो का ते पाहायचे. व्यवहारात नेमकी हीच अट मोडली जाते. केबल बदलली, ड्रायव्हर नवा घातला, मॉनिटरची सेटिंगही फिरवली आणि दोष गेला. तर तो कशाने गेला हे कळत नाही आणि परत आला म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. याला साप साप म्हणून भुई धोपटणे म्हणतात.

पाच कसोट्या

पहिली कसोटी कॅप्सलॉकची. पडदा काळा असताना कीबोर्डवरील कॅप्सलॉकची कळ दाबावी. तिचा दिवा लागत-विझत असेल तर संगणक जागा आहे, फक्त दिसत नाही. दिवा ढिम्म राहिला तर संगणकच अडकला असण्याचा संभव अधिक. संगणक जागा असेल, पासवर्ड न मागता उठणारा असेल आणि आधी नाव देऊन साठवलेले लिखाण समोर उघडे असेल, तर न दिसताही कंट्रोल आणि एस या कळा एकत्र दाबाव्यात. लिखाण वाचू शकते.

दुसरी कसोटी मॉनिटरच्या मेनूची. मॉनिटरवरील बटण दाबले असता जी प्रकाशमानता वगैरेंची यादी येते, ती मॉनिटर स्वतः काढतो. संगणकाचा तिच्याशी संबंध नाही. मागचे चित्र विस्कटलेले असून ही यादी स्वच्छ दिसत असेल, तर पडदा बहुतांशी निर्दोष समजावा. यादीही थरथरत असेल तर मॉनिटरवर संशय घेण्यास जागा आहे.

तिसरी कसोटी स्क्रीनशॉटची. दोष दिसत असताना स्क्रीनशॉट घ्यावा आणि तो मोबाइलवर किंवा दुसऱ्या संगणकावर पाहावा. त्याच पडद्यावर पाहून उपयोग नाही. स्क्रीनशॉटमध्ये दोष उतरला असेल तर चित्र तयार होतानाच बिघडले, म्हणजे ड्रायव्हर किंवा कार्ड यांकडे पाहावे. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल तर दोष बहुधा त्यापुढे, म्हणजे कार्डाच्या बाहेर पडण्याच्या वाटेवर, केबलमध्ये अथवा मॉनिटरमध्ये.

चौथी कसोटी दोन झोपा वेगळ्या करण्याची. व्यतिरेकाचे हे सर्वांत चांगले उदाहरण. सेटिंगमध्ये संगणकाची झोप पूर्ण बंद करावी आणि फक्त पडदा एका मिनिटाने मालवेल असे ठरवावे. आता संगणक जागाच आहे, झोपतो तो केवळ मॉनिटर. तरीही उठताना दोष आला, तर मॉनिटर आणि केबल यांच्या संवादातच खोट आहे. तसा तो आला नाही, पण संगणक झोपल्यावर मात्र येतो, असे असेल तर ड्रायव्हर किंवा मदरबोर्डावरील बायोस याकडे वळावे.

पाचवी कसोटी अदलाबदलीची. मित्राची केबल एकदा लावून पाहावी. मग आपली केबल पूर्ववत जोडून दुसरा मॉनिटर लावून पाहावा. दोन्ही एकदम बदलू नयेत.

दोष तेथे उपाय

दोष ड्रायव्हरचा दिसल्यास, विंडोज १० व त्यापुढील आवृत्त्यांत विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबल्या असता ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. उघडी कामे बंद होत नाहीत. कायमचा उपाय म्हणजे कंपनीने दिलेला नवा ड्रायव्हर घालणे. परंतु दोष नव्या ड्रायव्हरनंतरच सुरू झाला असेल, तर मागच्यावर परतणे योग्य. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ची सोय आहे. ती चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावरही प्रणालीचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा ठेवला जातो आणि तोच पुन्हा उचलला जातो. त्यामुळे खरी नवी सुरुवात हवी असेल तर ‘रीस्टार्ट’ करावे.

दोष संवादाचा असल्यास मॉनिटर बंद करून त्याची वायर प्लगमधून काढावी, अर्धा मिनिट थांबावे, केबलची दोन्ही टोके नीट बसवून पुन्हा चालू करावे. मॉनिटरच्या मेनूत जोडणी आपोआप शोधण्याऐवजी एकच ठरवून द्यावी. गाढ झोपेचा पर्याय असल्यास तो बंद करावा. जुन्या व्हीजीए जोडणीत चित्र सरकलेले किंवा अंधुक दिसले तर ‘ऑटो’चे बटण पुरते. याच जोडणीत पांढरा रंग सतत पिवळा दिसत असेल तर निळ्याची तार तुटलेली वा सैल असते. तो दोष झोपेचा नव्हेच, कारण तो जागेपणीही दिसतो.

दोष मॉनिटरचाच ठरल्यास एक शेवटची पाहणी करावी. काळ्या पडद्यावर तिरपा टॉर्च मारावा. अंधुक चित्र दिसले तर चित्र येत आहे, मागचा प्रकाश तेवढा गेला आहे. जुन्या मॉनिटरमधील कपॅसिटर थकले म्हणजेही थंड असताना पडदा उजळण्यास वेळ लागतो. येथे मात्र आपण थांबावे. मॉनिटर उघडू नये; वायर काढल्यानंतरही आतील भागांत धोकादायक विद्युत्भार साठून राहू शकतो.

काहीच लागू पडले नाही तर संगणकाची झोप बंद ठेवून हायबरनेशन वापरावे. उठायला थोडा उशीर लागतो, पण प्रत्येक भाग नव्याने सुरू होत असल्याने दोष टळण्याचा संभव असतो.

समारोप

या कसोट्यांनी आपण दुरुस्ती करणारे होणार नाही आणि तशी गरजही नाही. कार्डावरचे काम जाणकारानेच करावे. परंतु त्याच्यापुढे उभे राहून ‘मॉनिटर गेला वाटतं’ असे म्हणणे वेगळे. आणि ‘मेनू स्वच्छ दिसतो, स्क्रीनशॉटमध्ये दोष येतो, नुसता पडदा मालवला तर काही होत नाही, संगणक झोपला तरच होतं’ असे सांगणे वेगळे. पहिल्या माणसाला आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी दुरुस्ती पदरी पडण्याचा धोका असतो. दुसऱ्याने अर्धे निदान स्वतःच केलेले असते आणि त्यासाठी त्याला एक पैसाही खर्चावा लागलेला नसतो.

तर्कशास्त्र हा केवळ परीक्षेत गुण मिळवण्याचा विषय आहे, असा आपल्यातील बऱ्याच जणांचा समज आहे. पुढच्या वेळी संगणक कक्षातील एखादा पडदा झोपेतून वेडावाकडा उठला, तर बटण दाबून धरण्यापूर्वी आधी कॅप्सलॉक दाबून पाहावा, एवढीच विनंती.